तांबीबाईंची सून

मैंदर्गीत कुणी महानंदाबाई म्हणून विचारलं तर लोक डोकं खाजवतात. तांबीबाई म्हटलं की लगेच ओळखतात. सरकारी आरोग्यसेविका म्हणून तिथं त्यांची तीस वर्षं गेली, आणि त्यांतली निम्मी बायकांना तांबी बसवून घ्यायला पटवण्यात. तांबी म्हणजे कॉपर-टी, दिवस राहू नयेत म्हणून बसवतात ती. 'दोनावर थांब गं बाई' हे वाक्य त्या झोपेतसुद्धा म्हणत असतील.

आता त्या सोलापुरात माझ्या शेजारी राहतात, मुलगा गुरुशांत, सून चंद्रिका आणि सहा वर्षांची नात ओवी यांच्यासोबत. गेलं वर्षभर त्यांचं एकच चाललं होतं, घरात अजून एक पोर हवं. मी चेष्टा करायचे, "जन्मभर लोकांचे पाळणे थांबवलेत, आता स्वतःच्या घरात हलवायला निघालात की!" त्यांना राग यायचा. "मी दोनावर थांबा म्हणत होते, एकावर न्हाई."

पेपरात, भाषणांतही हल्ली हेच. जन्मदर घटला, मुलं होऊ द्या. भाषणं देणाऱ्यांतल्या किती जणांनी तान्ह्या बाळाची दुपटी धुतलीत, ते एकदा मोजलं पाहिजे.

ओवीनंतर चंद्रिकेनं बसवलेली तांबी पाच वर्षांची, मुदत संपली म्हणून यंदा काढायची होती. ती निघाली की दुसऱ्याचं बघायचं, असं महानंदाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. सुनेला विचारलं नव्हतं. मागच्या महिन्यात एका शनिवारी चंद्रिका पर्स घेऊन निघाली. "अत्ते, दाढ दुखायलीय. दाखवून येते." सासूला ती कानडीप्रमाणं अत्तेच म्हणते.

महानंदाबाई थबकल्या. सासूच्या नकळत दवाखान्यात यायचं तर दाढ दुखते म्हणायचं, ही युक्ती त्यांचीच. पोट दुखतं म्हटलं की सासूला संशय येतो, ती सोबत निघते. दाढेला कुणी सोबत येत नाही. मैंदर्गीतल्या कितीतरी सुना असं सांगून तांबी बसवून गेल्या होत्या.

"कुणी शिकवलं गं हे तुला?"

चंद्रिका गडबडली. "आईनं."

आई म्हणजे मैंदर्गीची सिद्धम्मा. तिची सासू नातवासाठी अडून बसली होती आणि सिद्धम्माला दोन मुलींवर थांबायचं होतं, तेव्हा तीही गालाला हात लावूनच आली होती. लेकीला युक्ती सांगताना ती मिळाली कुणाकडून, एवढंच बिचारी विसरली.

महानंदाबाई भडकल्या. "मी काय तसली सासू हाय व्हय?"

"तसली न्हाई. पण वर्षभर तेच बोलायलात की तुमी." चंद्रिकेनं पर्स खाली ठेवली. "ओवीच्या रजेनंतर शाळेत परत गेले तर माझा वर्ग दुसऱ्या बाईंना दिलेला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हे नवी पेठेतल्या दुकानातनं साडेनऊला घरी येतात. ओवीला तुमी सांभाळलं, पण आता तुमचे गुडघे बघा. रजेनंतर माझी जागा मला मिळू दे, शाळेजवळ धड पाळणाघर असू दे, ह्यांना सातला घरी येऊ दे. मग मला दुसऱ्याचं विचारा."

"ह्यातलं एकबी माझ्या हातात न्हाई," त्या मला नंतर म्हणाल्या. तीस वर्षं त्या सुनांच्या बाजूनं भांडल्या, सासवांना तोंडावर अडाणी म्हणाल्या. त्या सासवांना किती लागलं असेल, ते त्यांना आता कळलं. म्हणून महानंदाबाईंचं तेव्हा चूक होतं असं मात्र मला वाटत नाही, आणि त्यांनाही वाटलं नाही. त्यांनी चपला घातल्या आणि सुनेबरोबर रिक्षात बसल्या.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "पाच वर्षांची बसवायची की दहा?" विचारलं सवयीनं सासूलाच. चंद्रिका तेहतीस वर्षांची. पाच म्हटलं तर आशेला थोडी जागा राहत होती. दहा म्हणजे विषय संपला. 'पाच' अगदी ओठांवर आलं होतं, त्यांनी स्वतःच मला सांगितलं.

"मला काय विचारता? तिला विचारा."

"दहा," चंद्रिका म्हणाली.

आत जाताना तिनं मागं वळून पाहिलं. महानंदाबाईंनी हातानंच 'जा' म्हटलं. दार लागल्यावर मात्र सुनेची पर्स मांडीवर घेऊन त्या तिथल्या बाकावर पोटभर रडल्या.