न निघालेला चीक

वासंती झोपेतच गेली, असं तिच्या मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा मी बाजाराला निघाले होते. हातातल्या यादीत शेवटची ओळ होती, ‘वासंतीकडे पन्ह्याची बाटली’. भाजी घेतली, बँकेचं काम उरकलं, आणि पाय आपोआप तिच्या घराच्या वळणाला लागले... काही आठवडे झाले, ती ओळ अजून खोडलेली नाही.

शाळेपासूनची मैत्रीण. पुढे रत्नागिरीतच डॉक्टर झाली. पेशंटच्या खाटेवर टेकायची आणि जगात घाई नावाची गोष्टच नसल्यासारखी बोलायची. मला ते सोसायचं नाही. पण एका मे महिन्यात माझ्या थोरल्या भावाला, दादाला, पावसच्या बागेतून इस्पितळात आणलं. उलट्यांनी गळून गेलेला. सलाइन चढत होतं, रक्तदाब मात्र वर येईना. हाक मारली की डोळे उघडायचा, पुन्हा मिटायचा. वजन उतरलं होतं, अंग काळवंडलं होतं. पण आंब्याच्या हंगामात आमच्याकडे काळं कोण पडत नाही? अंगावर ऊन आणि हातांना चीक, असंच आम्ही सगळ्यांनी धरलं होतं.

वासंती त्याच्याजवळ बसली. “दादा, हात बघू.”

“भविष्य सांगतेस?”

“सांगते. आधी मूठ तर सोड.”

तळव्याच्या रेघा काजळ भरल्यासारख्या होत्या. तिने वहिनीकडून खोबरेल मागून घेतलं; चीक तेलाने सुटतो. ती सावकाश चोळत राहिली, पडद्यावर दुपारचं ऊन हलत राहिलं, तळवा चमकू लागला... रेघा तशाच काळ्या. मग तिने हिरड्या पाहिल्या, त्याही तशाच.

“काय खावंसं वाटतं?”

“खारातल्या कैऱ्यांचं पाणी,” दादा पुटपुटला.

“गेला महिनाभर बरणीतलं पाणीच पितायत,” वहिनी म्हणाली. “कैऱ्या आमच्यासाठी.”

वासंती उठली. “हा काळेपणा चिकाचा नाही, उन्हाचाही नाही, आणि अंगातलं मीठ निघून जातंय म्हणून खारं मागतोय. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींनी काम सोडलंय. शरीराला लागणारं स्टिरॉइड तयारच होत नाहीये,” तिने मला सांगितलं आणि सिस्टरकडे वळली. “तपासायला रक्त घ्या, पण रिपोर्टसाठी थांबायचं नाही. इंजेक्शन आत्ता.”

“आणि तुझा अंदाज चुकला तर?” मी विचारलं.

“एक इंजेक्शन वाया गेलं म्हणायचं. पण बरोबर असून थांबले, तर दादा हातचा जाईल.”

संध्याकाळी दादा उशीला टेकून बसला आणि पेज पातळ झाली म्हणून कुरकुरला. रिपोर्ट मागाहून आला, तिचंच म्हणणं घेऊन. गोळ्या जन्मभराच्या ठरल्या. तापात दुप्पट, उलटी झाली तर तडक इस्पितळ, बंद कधीच नाही. हे तिने त्याच्याकडून पाढ्यासारखं म्हणवून घेतलं. तरी ताप आला की दादा आधी तिला फोन लावायचा. ती रागवायची, मग तो गोळ्या घ्यायचा.

परवा त्याला ताप भरला. मी पावसलाच होते. त्याने फोन उचलला, तिच्या नावावर बोट ठेवलं, आणि तसाच बसून राहिला... बाहेर माडांच्या झावळ्या सळसळत होत्या. मग फोन उशाशी ठेवून त्याने डबीतून दोन गोळ्या काढल्या.

“पाणी आण गो,” तो वहिनीला म्हणाला, “नाहीतर वासंती ओरडेल.”