तळघरातली घामेजलेली मशिनं

आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुऊन देणाऱ्या बाईंना सगळे शीकाकू म्हणतात. दुसऱ्यांचे मळके कपडे धुण्याचा धंदा, आणि किळस मात्र साऱ्या जगाची!

एका उन्हाळ्यात, हवा दमट झाली तशी, त्यांची दोन्ही मशिनं घामाघूम होऊ लागली. पत्र्यावरून थेंब ओघळत, खाली साचत आणि तिथे काळपट, बुळबुळीत थर धरे. काकू तोंड फिरवून तो पुसायच्या. "शी! गोगलगायीच्या अंगावरून हात फिरवल्यासारखं वाटतं."

मशीनवर रचलेल्या धुतलेल्या चादरींना ओल्या कुत्र्यासारखा वास येई. चादरी कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या. तिथल्या सिस्टरांनी गठ्ठा परत आणून बजावलं, "काकू, पुन्हा असा वास आला तर दुसरीकडे टाकीन. पेशंट नाक दाबून झोपतात." काकूंचं निम्मं काम दवाखान्याचंच. ते गेलं तर तळघर सोडावंच लागणार होतं.

कुबट वासावर काकूंचा इलाज एकच, मोकळी हवा. त्यांनी भर दुपारी दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. मशिनं आणखीच निथळू लागली. मग नळ गळतोय म्हणून प्लंबर आणला. त्याला गळती काही सापडली नाही.

काका फ्रिजमधलं पाणी पीत हे बघत होते. त्यांच्या हातातला पेला बाहेरून ओलाचिंब झाला.

"अगं, माझा पेलाही गळतोय की काय?"

"थट्टा पुरे! इथे माझा जीव चाललाय."

"थट्टा नाही गं. बाहेरची दमट हवा तूच आत बोलावतेस. गार पत्र्याला लागली की तिचं पाणी होतं. खिडक्या लाव."

"लावू? आणि या घाणीत स्वतःला कोंडून घेऊ?"

पण लावल्या, नाकाला रुमाल बांधून. मशीन भिंतीपासून सरकवलं तेव्हा मागे एक मोजा निघाला, त्यावर हिरवी लव उगवलेली. काकूंनी तो चिमट्याने उचलून फेकला, पाठोपाठ चिमटाही फेकला. काकांनी भावाकडून हवेतली ओल ओढणारं यंत्र आणलं. संध्याकाळी त्याची टाकी काठोकाठ भरली.

"अहो, एवढं पाणी आपण नाकातून आत घेत होतो?" त्या दिवशी काकूंना जेवण गेलं नाही.

पत्रे कोरडे झाले. पुढचा गठ्ठा न्यायला सिस्टर आल्या. वरची चादर सोडून त्यांनी मधली उपसली आणि नाकाशी धरली. दाराबाहेर ठेवलेलं मळक्या चादरींचं भलंमोठं बोचकं त्यांनी ओढत आत आणलं आणि काकूंच्या पुढ्यात सोडलं. पिवळे, तपकिरी डाग वरच दिसत होते.

"काय हो सिस्टर, काय काय सांडतात तुमचे पेशंट! ओकारी येते बघून," असं म्हणत काकूंनी ते बोचकं लगबगीने कवेत घेतलं.