तोफेच्या शेळ्या

गावात तिला सगळे तोफ म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती? नवरा गेला तेव्हा तिच्या पदरात दोन पोरी आणि दावणीला दोन शेळ्या. आता शेळ्यांचं कसं असतं, घरात दुखणं आलं की पहिली नजर त्यांच्यावरच जाते. एक शेळी धाकटीच्या टायफॉइडमध्ये गेली, तीही पडेल भावात, कारण व्यापाऱ्याला गरजवंत लांबूनच ओळखू येतो. मग सरकारची विधवांसाठीची मदत सुरू झाली. फार नव्हती हो, पण दर महिन्याला यायची. त्यात औषध भागलं, किराणा भागला, आणि उरलेली शेळी दावणीलाच राहिली. ती व्याली, पुन्हा व्याली, आणि बघता बघता गोठा भरला.

नेमकी तेव्हाच पाहणी लागली. मदत कोणाची चालू ठेवायची आणि कोणाची बंद करायची, ते घरोघर बघून ठरणार होतं. झालं, गावभर लपवालपवी सुरू. कोणी पंखा माळ्यावर टाकला, कोणी सायकल मेव्हण्याकडे धाडली. धाकटी जाऊ धावत आली. "ताई, शेळ्या माझ्या गोठ्यात बांधा. मला कुठे मदत मिळते, माझ्याकडे कोण बघतंय?" तोफेने मान डोलावली. खोटं कशाला बोला, ती घाबरली होती. थोरलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं.

पाहणीच्या मॅडम आल्या. झाडून लख्ख केलेल्या गोठ्यात डोकावल्या आणि सोबतच्या शिपायाला हळहळून म्हणाल्या, "इतकी वर्षं मदत घेऊनही हिच्याकडे काहीच जमलं नाही. बिचारी."

बिचारी म्हणे! उन्हातान्हात रानं तुडवली ती हे ऐकायला? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावेने मागून पदर ओढला, तो तिने सोडवून घेतला.

"मॅडम, चला जरा," म्हणत ती त्यांना थेट जावेच्या गोठ्यात घेऊन गेली. "या सगळ्या माझ्या. लिहा."

जावेने कपाळावर हात मारला. मॅडमचं पेन थबकलं. "काकू, मदत बंद होईल. कळतंय ना?"

"कळतंय. तरी लिहा." तिने एका गाभण शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. "तुमच्या पैशाने यातली एकही विकत घेतली नाही मी. पण तो पैसा सुरू झाल्यापासून पोर आजारी पडलं म्हणून एकही विकावी लागली नाही. तेही लिहा."

त्यासाठी कागदावर जागाच नव्हती. मॅडमनी ते समासात लिहिलं. आणि तोफेने आपल्या शेळ्या सोडल्या आणि मागच्या बोळातून न नेता भर चौकातून घरी नेल्या.