गच्चीवरचं तळं

अख्ख्या बहरीनमध्ये जंगलात पाऊल न टाकता जंगलात हरवलेला माणूस एकच, आमच्या वरच्या मजल्यावरचे भाऊजी. सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये ते क्रेन दुरुस्त करतात. तिथं कामाला आलेल्या फिनलंडच्या एका इंजिनियरने त्यांना सांगितलं, की आमच्याकडे जंगलातून तळ्यापर्यंत फळ्यांची वाट असते, व्हीलचेअरसुद्धा जाते. झालं. वहिनींचे पाय सात वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून त्यांचं फिरणं म्हणजे सनद भागातल्या या घरातून दवाखाना आणि दवाखान्यातून घर. भाऊजींची नोकरी या दिवाळीपर्यंतच. पुढे गाव, आणि गावचं घर रस्त्यापासून पन्नास पायऱ्या खाली. "तिथं गेल्यावर ही उंबऱ्याबाहेर पडायची नाही. न्यायचं तर याच सुट्टीत," असं ते आमच्या ह्यांना म्हणाले.

मग तयारी सुरू झाली. तिथं थंडी असते, म्हणून भाऊजी एसी सोळावर ठेवून वहिनींना दोन स्वेटर घालून बसवत आणि स्वतः समोर लुंगीवर कुडकुडत. मी डबा घेऊन गेले की वहिनी म्हणत, "ये गो, बस. पण शाल घेऊन ये." तिथल्या जंगलात डास फार, असं कळल्यावर दोघं जाळीच्या टोप्या घालून चहा पिऊ लागली. जाळी वर करायची, घोट घ्यायचा, जाळी खाली. तोवर चहा थंड. वर्कशॉपातल्या खोक्यांच्या फळ्या आणून भाऊजींनी गच्चीवर वाट केली आणि तिच्या टोकाला पाण्याने भरलेला मोठा टब ठेवला. घरमालक अरब वर आले. ते सगळ्यांनाच रफीक, म्हणजे मित्र, म्हणत.

"रफीक, ये क्या है?"

"तालाब, अरबाब."

त्यांनी वाकून टबात पाहिलं, "मछली मफी," म्हणजे मासे नाहीत, असं खेदाने म्हणाले आणि निघून गेले.

वहिनींना बसवण्याआधी भाऊजींनी खुर्चीत तांदळाची गोणी बांधून ढकलली. ती थेट तळ्यात गेली. मग चार दिवस सगळ्या मजल्यांवर त्या भिजल्या तांदळाची घावनंच. वहिनी म्हणाल्या, "माझ्याऐवजी तांदूळ बुडाले, नशीब." व्हिसाच्या कागदांना भाऊजींनी गच्चीवरच्या वाटेचे फोटोही जोडले, अनुभव म्हणून. त्या फोटोंमुळे की ते असूनही कोण जाणे, पण व्हिसा मिळाला.

आठ दिवस फिनलंडला राहून दोघं परतली. मी वर गेले तर भाऊजी स्वेटरांच्या घड्या घालत होते. वहिनीच बोलत होत्या.

"वाट कशी सपाट गो. ह्यांना म्हटलं, सोडा हात. मीच चाकं फिरवत निघाले. हे मागून हाका मारतायत, थांब, थांब. मी काय थांबत्ये? पाण्याशी पोचले तेव्हा कोणी नव्हतं जवळ. सात वर्षांत पहिल्यांदा एकटी होते."

मी कधी कोणाची थट्टा करत नाही, पण त्या दिवशी तोंडून निघून गेलं, "म्हणजे भाऊजींची एवढी मेहनत फुकट."

भाऊजी हसले. "मला वाटलेलं, मीच नेणार हिला," ते म्हणाले, आणि घातलेली घडी मोडून पुन्हा घालू लागले.

दिवाळीला दोघं गावी जातील. वरच्या मजल्यावर दुसरं कोणी येईल. शहाणी माणसं येतील बहुतेक.