घरजावई धोंडीराम

स्क्रिप्ट हातात आली की नट आधी आपले संवाद बघतात. धोंडीराम दुसऱ्यांचे बघायचा. चष्मा कपाळावर चढवून, कानावरची पेन्सिल काढून, सासऱ्याच्या, मेव्हण्याच्या, अगदी भांडीवालीच्या तोंडीसुद्धा त्याच्याबद्दल जे जे वाईट लिहिलेलं असेल त्याखाली तो रेघ ओढत जायचा. सीन संपला की रेघा मोजायचा. दोनपेक्षा कमी भरल्या तर कागद माझ्याकडे परत. "लेखिकाबाई, ह्यात माझा अपमान कुठं हाय? मला काय हिरो करताय व्हय?" आमची पहिली भेट ह्याच वाक्याने झाली, आणि मी त्या दिवशी बऱ्यापैकी चिडले होते.

'सासरेबुवा जागे आहेत' ही आमची विनोदी मालिका. कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बंगल्यात तिचं चित्रीकरण चालायचं आणि मी तिचे संवाद लिहायची. धोंडीराम तिच्यातला घरजावई. आळशी, खादाड आणि सासऱ्याच्या चपलेचा आवाज तीन खोल्यांपलीकडून ओळखणारा. सासऱ्याचं काम नाना करायचे. सत्तरी ओलांडलेले, उभं आयुष्य गावोगावच्या जत्रांत नाटकं करण्यात घालवलेले. हे दोघं समोरासमोर आले की मी लिहिलेलं निम्मं गळून जायचं आणि जे उरायचं ते मी लिहिलेल्यापेक्षा चांगलं असायचं. हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

वाहिनीवाल्यांना त्याचं नाव पसंत नव्हतं. पडद्यावर काहीतरी छोटं, चटपटीत नाव घ्या, असं त्यांनी सुचवलं. नाव आजीनं ठेवलंय, तिला विचारून सांगतो, असं म्हणून धोंडीराम आला. आजी जाऊन वीस वर्षं झाली होती.

कोल्हापूर प्रेम करतं ते ओरडून. तो रस्त्याने चालला की मोटारसायकलवरून हाक यायची, जावई, सासरा मागनं आला बघ, आणि हा खरोखर दहा पावलं पळून दाखवायचा. मंडईत भाजीवाल्या बायका त्याला, फुकटचं खाऊन किती सुटलायस, असं तोंडावर सुनवायच्या आणि पिशवीत कोथिंबीर कोंबायच्या. कुणी अदबीने 'सर, एक फोटो' म्हटलं की तो फोटो द्यायचा, पण नंतर मला सांगायचा, "अहो-जाहो करतंय ते मालिका बघत न्हाय. नुसतं ऐकून असतंय."

त्याचा खरा प्रेक्षक मात्र एकच होता. शाहूवाडीकडच्या एका गावात त्याची आई राहायची. थोडी भातशेती, दोन म्हशी. साडेसातला मालिका लागायची, जाहिराती धरून वीस मिनिटं. त्याआधी तिच्या भाकरी उरकलेल्या असायच्या, आणि आठला दहा कमी असताना धोंडीरामचा फोन वाजायचा. आज तुझं कामात ध्यान नव्हतं, आज नुसता दात काढत होतास, आज बरं केलंस पण ती टोपी कुणी दिली तुला, असा रोजचा निकाल. तो फोन स्पीकरवर लावून आम्हा सगळ्यांना ऐकवायचा. दिग्दर्शकापेक्षा आम्ही तिला जास्त भ्यायचो.

आणि महेश. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामावर होता. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन यायचा आणि फाटकाबाहेरच्या आंब्याखाली थांबायचा. धोंडीरामचा मित्र, एवढीच त्याची ओळख. दोघं सात वर्षं एका घरात राहत होते. मला केव्हाच कळलं होतं. मी विचारलं नाही, आणि न विचारण्यात आपला केवढा मोठेपणा आहे, असंही मला वाटायचं.

मालिकेच्या पाचव्या वर्षी मामांनी धोंडीरामसाठी एक स्थळ आणलं. आईच्या शब्दाखातर हा मुलगी बघायला गेला. मुलगी शिक्षिका होती. चहा देताना तिने हळूच विचारलं, लग्नानंतर नोकरी केली तर चालेल ना. हा घरी आला आणि दोन दिवस धड जेवला नाही, असं महेशने पुढे मला सांगितलं. मालिकेत चार ताटं रिकामी करणारा माणूस.

पुढच्याच आठवड्यात एका पेठेत हळदीकुंकवाला त्याला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. लग्न कधी, हा प्रश्न त्याला दर कार्यक्रमात यायचा, आणि उत्तर ठरलेलं असायचं: एका सासऱ्यानं दमलोय, दुसरा कशाला. त्या दिवशी एका मावशींनी माईकवर तोच प्रश्न विचारला आणि त्याने माईक हातात घेतला. मग म्हणाला, "मावशी, मी कुठल्या पोरीशी लगीन करणार न्हाय. माझं माणूस मला गावलंय. सात वर्षं झाली. महेश नाव हाय त्याचं."

बायकांना वाटलं, विनोद आहे. टाळ्या पडल्या. विनोद न्हाय, असं त्याने सांगितलं, नमस्कार केला आणि तो खाली उतरला. तिथूनच त्याने गाडी शाहूवाडीकडे घेतली, कारण आईला हे आपल्या तोंडून कळायला हवं होतं. पण व्हिडिओ त्याच्या आधी गावात पोचला. तो दारात आला तेव्हा आईने टीव्ही बंद करून त्यावर लुगड्याचं फडकं टाकलेलं होतं. तिने त्याला जेवायला वाढलं. बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून आठला दहा कमी असताना त्याचा फोन वाजेनासा झाला. तो मात्र त्या वेळेला फोन हातात धरून बसायचा, आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघायचो.

मला आजही लोक विचारतात, त्याने ते सांगितल्यामुळे मालिका पडली का हो? सरळ उत्तर माझ्याकडे नाही. पहिल्या आठवड्यात प्रेक्षक वाढले, ते कुतूहलाने आलेले होते. मग उतरत गेले. दुकानांची उद्घाटनं, गणपतीची आमंत्रणं एकेक करून रद्द झाली. सगळ्यांची कारणं सभ्य होती. वाहिनीच्या मॅडमचा मुंबईहून फोन आला की आम्ही पूर्णपणे त्याच्या पाठीशी आहोत, फक्त जरा जपून लिहा.

आणि मी जपून लिहिलं. सासऱ्याची चप्पल गेली. मेव्हण्याचे 'बांगड्या भर'सारखे टोमणे गेले. बायकोबरोबरची झोंबाझोंबी गेली. घरजावई अचानक समजूतदार झाला, शेजाऱ्यांची भांडणं मिटवायला लागला, एका भागात तर त्याने झाडं लावली. सेटवर पाच वर्षं त्याला 'ए धोंड्या' म्हणणारा मेकअपवाला 'सर, बसता का' म्हणायला लागला. त्याच्यासाठी वेगळी खुर्ची आली. बाहेरही तेच. मोटारसायकली मुकाट पुढे निघून जायच्या. मंडईत बायका भाजी नीट तोलून द्यायच्या. नाना तर त्याच्याकडे न बघताच संवाद म्हणायचे आणि सीन संपला की लांब जाऊन बसायचे.

मला तरी हे कळायला हवं होतं. आमच्या घराने आजोबांच्या वेळी बौद्ध धम्म स्वीकारला. माझं आडनाव कळलं की काही माणसं एकदम फार नीट वागायला लागतात. बसा ना, चहा घ्या, तुमचं वाचन फार दांडगं असतं हं. तो नीटपणा मी लहानपणापासून ओळखते आणि तो मला शिवीपेक्षा जास्त लागतो. तरी धोंडीरामशी मी नेमकी तशीच वागले, आणि वर स्वतःला चांगली समजत राहिले. ह्याची लाज अजून गेलेली नाही.

शेवटी निरोप आला की घरजावयाला काही महिन्यांसाठी दुबईला पाठवा, बघू आकडे काय म्हणतात. निरोपाचा प्रसंग मी लिहिला. चांगला रडका लिहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडीराम तो घेऊन माझ्या घरी आला. मला वाटलं, भांडेल. त्याने पाणी मागितलं, कागद टेबलावर ठेवले. कुठेही रेघ नव्हती.

"बाई, 'बांगड्या भर' काढलंसा, बेस केलंसा. त्यो शब्द मला पहिल्या दिवसापास्नं टोचत हुता, मी गप बसायचो," तो म्हणाला. "पण मी आळशी हाय, खादाड हाय, भित्रा हाय, हे का काढलंसा? महेशसंगं राहतो म्हणून माझी भूक कमी झाली काय?"

मी म्हटलं, लोकांना आता तुझ्यावर हसायला अवघड वाटेल, म्हणून.

"लोकं रुसली असतील तर रुसू देत. काही येतील, काही न्हाय येणार. पण तुम्ही मला देव्हाऱ्यात नेऊन बसवलंसा. तिथं कोण हसणार? आई उद्या चुकून टीव्ही लावंल, तर तिला तिचा धोंड्या दिसाय नको? ही कोण झाडं लावणारी ब्याद हाय, म्हणंल आणि परत बंद करंल."

तो गेल्यावर मी ते रडके कागद फाडले. नवीन भाग लिहिला त्यात दुबई नव्हती. पाहुण्यांसाठी केलेला पातेलंभर पांढरा रस्सा घरजावई पाहुणे यायच्या आत एकटा पिऊन टाकतो आणि सासरा त्याला अंगणभर पळवतो, एवढीच गोष्ट. दुबईच्या आधीचा एक भाग, असं मी वाहिनीला कळवलं.

तालमीला नानांनी कागद वाचला, चप्पल हातात घेतली आणि ती तशीच खाली ठेवली. म्हणाले, मला आधी ह्याच्याशी बोलायचंय. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. मला वाटलं, आता काम सोडतो म्हणणार.

"पाच वर्षं तुला शिव्या घालतोय," नाना म्हणाले. "पोटच्या पोराला घातल्या न्हाईत एवढ्या. आणि तू माईकवर जाऊन सांगतोस? मला सुनेच्या मोबाईलवर कळतंय?"

"भ्या वाटलं, नाना."

"मग माझ्यापाशी येऊन भ्यायचं."

एवढंच. ह्या माणसाचा दोन महिन्यांचा अबोला आम्ही सोवळेपणा समजत होतो आणि तो निव्वळ रुसलेला होता. धोंडीराम वाकून त्यांच्या पाया पडायला गेला, तर नानांनी चप्पल उचलून त्याच्या पाठीत घातली, आणि चित्रीकरण तिथूनच सुरू झालं. बंगल्याच्या कुंपणाच्या भिंतीवर बसून बघणारी शेजारची माणसं त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी मोठ्याने हसली. माझ्या शब्दांतले फार थोडे त्या भागात राहिले.

त्यानंतर आम्ही दुबईचं तिकीट पुढे ढकलत राहिलो. प्रेक्षक परत आले, सगळे नाही. उद्घाटनं फारशी परत आली नाहीत. काही घरांत आमची मालिका कायमची बंद झाली, हे मला ठाऊक आहे, कारण त्यातलं एक घर माझ्या मावसबहिणीच्या नणंदेचं आहे. मालिका पुढे दीड वर्ष चालली आणि मालिका संपतात तशी संपली. धोंडीराम आता पुण्यात दुसऱ्या मालिकेत एका कडक हेडमास्तरांचं काम करतो. तिथे तो दुसऱ्यांचा अपमान करतो आणि ते त्याला जमत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्याची आठवण झाली की मला चित्रीकरणाची एक संध्याकाळ दिसते. भात लावायचे दिवस होते. रश्श्याचा भाग लागून बरेच आठवडे झाले होते. गावाकडच्या चुलत्याने कळवलं होतं की तुझ्या घरातनं साडेसातला आवाज येतोय, पण कुणी जाऊन बघितलेलं नव्हतं. आम्ही सामान आवरत होतो. महेशची सुट्टी होती, आणि आता तो आंब्याखाली थांबत नसे, आत आमच्यात बसून शेंगा खात होता. आठला दहा कमी असताना धोंडीरामचा फोन वाजला.

त्याने नाव बघितलं आणि सवयीने स्पीकर लावला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो बंद करायला गेला, पण तोवर आई बोलायला लागली होती. मालिकेबद्दल एक शब्द नाही. पाऊस बरा आहे, तांबडी म्हैस व्याली, चुलत्याचा गुडघा दुखतोय. धोंडीराम नुसता हं, हं करत होता. मग ती शेतावर आली.

"लावणीला माणसं मिळंना झाल्यात," ती म्हणाली. "त्यो तुझा म्हेश हाय न्हवं. त्येला चिखलात उतराय येतंय काय?"

महेश कोल्हापूर शहरात वाढलेला. शेताच्या बांधावरसुद्धा तो कधी चालला नव्हता. त्याच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. धोंडीराम त्याच्याकडे बघत राहिला.

"येतंय म्हणून सांग," महेश हळूच म्हणाला.

"उतरतोय की, आई," धोंडीराम म्हणाला. "आयतवारी दोघंबी येतो."