चिंचेने घासलेला बिल्ला

ओट्यावरच्या ताटलीत अख्खी भाकर तशीच पडली होती आणि एक कावळा ती, जावई जेवतो तसा, सावकाश जेवत होता.

बस, इथेच मी थबकले. तुम्ही म्हणाल, भाकर उरली तर त्यात एवढं काय? अहो, ती ताटली मोतीची! मोती म्हणजे माझ्या घरमालकांचा कुत्रा. ज्याने माझी एक रबरी चप्पल, अंगाला लावायचा साबण आणि बावीस उत्तरपत्रिका खाऊन पचवल्या होत्या, तो भाकर सोडून जाईल?

आता एका भाकरीवरून माणसाने स्वतःची किती शोभा करून घ्यावी, याचं मोजमाप हवं असेल तर खुशाल माझ्याकडून घ्या. आणि घेताना एवढं ध्यानात ठेवा की त्या काळी मी नागपूरच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होते. हंगामी का होईना, पण तर्कशास्त्र!

मी मूळची नाशिककडची. प्रताप नगरात एका घराची पुढची खोली भाड्याने घेऊन तीन महिने झाले होते. घरात माणसं दोनच, काकू आणि काकाजी. काकू काटोलकडच्या शेतकऱ्याची लेक. त्यांचा आवाज चार एकर पलीकडच्या माणसाला बोलावण्यासाठी घडलेला, तोच त्या तीन खोल्यांच्या घरात वापरत. "चहा घेतं का वं?" असं मायेनं विचारलं तरी माझ्या हातातली वस्तू खाली पडायची.

काकाजी सेवानिवृत्त हेडक्लार्क. काळी टोपी, कपाळावर कायमची आठी. ते नुसते खाकरले तरी मी खुर्चीतून उठून उभी राहायचे. तीन महिन्यांत आमचं संभाषण एकदाच झालं होतं. मी विचारलं, "नळ आला का?" ते म्हणाले, "आला की दिसते."

आणि मोती? मोती अंगणात मोकळा असायचा. म्हणून मी खोलीत बंद असायचे. त्याला मी पाहिलं होतं ते फक्त मान मागे वळवून, पळता पळता. पांढरा होता एवढं नक्की. दातही पांढरे होते.

तर ती भाकर. ती बघून मी कडी काढली, इकडेतिकडे पाहिलं. अंगण रिकामं. आणि मग मला आठवलं. मोतीचा बिल्ला!

त्याचं असं झालं होतं. आदल्या दिवशी काकूंनी मोतीला अंघोळ घातली आणि त्याचा पट्टा दोरीवर वाळत टाकला. पट्ट्याला परवान्याचा पितळी बिल्ला. त्यावर इतका कळंक चढला होता की नंबर वाचता येईना. मला वाटलं, घासून ठेवावा, मालकीणबाई खूश होतील. काढला. चिंच लावून घासला. असा लखलखीत केला की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. आणि मग परत पट्ट्यात अडकवायला विसरले. काकूंनी संध्याकाळी नुसता पट्टा त्याच्या गळ्यात बांधला. बिल्ला कुठे? माझ्या साबणाच्या डबीत!

डबीतून तो काढून मुठीत धरून मी परत अंगणात आले, तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या रुखमाबाईंनी विचारलं, "काय शोधून राहिल्या, मास्तरीणबाई?"

मी दचकले. सांगायला नकोच. "मोती... मोती दिसला का तुम्हाला?"

"मोत्या? बाप्पा! सकाळी कुत्र्याइची गाडी येऊन गेली ना वं! ज्याच्या गळ्यात बिल्ला नाही ते सारे भरून नेले. पण तुमच्या मोत्याले काय भेव? त्याच्यापाशी तं बिल्ला हाय."

होता ना! माझ्या मुठीत होता.

झालं, माझ्या डोक्यातलं तर्कशास्त्र जागं झालं. भाकर आहे, म्हणजे मोती नाही. बिल्ला इथे, म्हणजे मोती बेवारस. गाडी येऊन गेली, म्हणजे मोती गाडीत. असं निर्दोष अनुमान मी वर्गातसुद्धा कधी मांडलं नव्हतं. काकाजी पहाटेच सायकल काढून जरीपटक्याला गेले होते. का गेले ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण काकाजींना कारण विचारायचं तर बहुधा अर्ज करावा लागला असता. म्हणजे घरी सांगायचं ते काकूंनाच.

सांगितलं. काकू चुलीपुढे बसल्या होत्या, त्या तिथेच बसून राहिल्या. मला वाटलं होतं ओरडतील. पण तो आवाज असा बारीक झाला की मला पुढे सरकून ऐकावं लागलं.

"पट्टा तं मीच बांधला काल. मंग काहून नेला वं त्याले?"

"बिल्ला... पडला असेल कुठेतरी," मी म्हटलं. पाहा, किती सफाईदार खोटं! मुठीत बिल्ल्याची कड रुतत होती.

"लेक कोराडीले सासरी गेली तवापासून त्याच्याशीच बोलनं हाय मायं," काकू म्हणाल्या. "या घरात दुसरं कोन बोलते? जा वं पोरी, आन त्याले. माये गुडघे असे सुजून राहिले, नाहीतं मीच गेली असती. थो येईलोक मी घास नाही घेत."

पदर खोचला आणि सायकलरिक्षात बसले.

रिक्षावाल्याने 'जनावर हरवलंय' एवढंच ऐकलं आणि मला थेट गोरक्षणात नेलं. तिथल्या गृहस्थांनी चष्मा वर करून विचारलं, "गाय का बैल?"

"कुत्रा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. रिक्षावाल्याकडे पाहिलं, कीव येऊन.

तिथून जनावरांच्या दवाखान्यात. "पेशंट कुठाय?" खिडकीतून प्रश्न.

"हरवलाय."

"मंग आना."

"अहो, हरवलाय म्हणूनच आलेय!"

"आमी पाह्यल्याबिगर काय सांगनार? लाईनीत ठेवा त्याले."

लाईनीत ठेवू! कुठून? असं करत करत नाल्यापलीकडच्या कोंडवाड्यात पोचायला दुपारचे चार वाजले. आत दोन म्हशी, एक गाढव, चार शेळ्या आणि कोपऱ्यातल्या जाळीमागे कुत्रे. दाराशी टेबल, टेबलामागे मुन्शी. माणूस मोठा आदबशीर. म्हणजे पाय टेबलावर होते, पण चप्पल काढून.

"बोला बाई, काय हरवलं?"

"कुत्रा. मोती नाव."

"रंग?"

"पांढरा. म्हणजे मूळचा पांढरा."

"खूण?"

मी आठवायचा प्रयत्न केला. सगळ्या आठवणींत मी पळत होते. "भुंकतो," मी म्हटलं.

मुन्शींनी पेन खाली ठेवलं. "हे लई बारीक खून सांगितली तुम्ही. बिल्ला?"

"हा घ्या!" मी विजयाने मूठ उघडली.

त्यांनी बिल्ला उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. मग आतल्या माणसाला हाक मारली. "अबे महादू, ये गा इकडे! बिल्ला पाहून जाय. सोन्यासारखा हाय!"

महादू खराटा घेऊन आला. त्यानेही पाहिला. "पालिश केला काय, बाई?"

"चिंचेनं घासला," मी पुटपुटले. "म्हणून तर काढला होता."

"म्हंजे," मुन्शी म्हणाले, "बिल्ला ठेवला घरी अन् कुत्रा सोडला बाहेर. नंबरी काम हाय. आता पाहा बाई, बिल्ला इथं हाय, त्याले कुत्रा नाही. कुत्रे तिथं हायेत, त्याइले बिल्ला नाही. कोनता कोनाचा हे कसं समजावं आमी?"

"मी ओळखते ना त्याला."

"मंग ओळखा."

जाळीपाशी गेले. आत सात कुत्रे. सातही मूळचे पांढरे! त्यातला एक लंगडत पुढे आला आणि शेपटी हलवायला लागला. माझा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात महादू म्हणाला, "त्याचं मनावर घेऊ नका. थो सकाळपासून चार जनाचा झाला."

"उद्या येऊ का? घरच्यांना घेऊन?"

मुन्शींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "पाच वाजता गाडी जाते."

"कुठे?"

त्यांनी आदबीने वर आढ्याकडे पाहिलं फक्त.

काकूंच्या चुलीवरचा थंड तवा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी म्हटलं, "काहीतरी रीत असेल ना तुमची! कागद असेल, सही असेल!"

"कागद मानसासाठी राहते, बाई. इथं एकच रीत. हाक मारा. जनावर ज्याचं, त्याच्या हाकेले येते. म्हैस असो का शेळी, आमी हाकेवरच सोडतो."

एवढंच? मी घसा साफ केला. "मोती! ए मोती! ये बाळा, इकडे ये पाहू."

गाढवाने मान वळवली. कुत्र्यांपैकी एकानेही नाही.

"बाई," मुन्शी म्हणाले, "कुत्र्याले बोलावून राहिल्या का वर्गात हजेरी घेऊन राहिल्या?"

आता काय? पावणेपाच व्हायला आले. फाटकाबाहेर गाडी येऊन उभी राहिली होती. घरात मोतीला कुणी कसं बोलावतं, मी आठवू लागले. आणि एकदम उजेड पडला! मोती हे नाव परवान्यापुरतं. जेवायच्या वेळी काकू स्वयंपाकघराच्या दारातून जी आरोळी ठोकायच्या, तिच्यात मोतीचं नाव कधी नसायचंच! मी रोज दोन्ही वेळा कडी लावून आतून ऐकायचे, आणि रोज दोन्ही वेळा दचकायचे. आरोळी झाली की परसातून धडपडत पावलं यायची, मग ताटली वाजायची, मग मचमच. म्हणजे तो हाकेला हमखास येत होता. प्रश्न फक्त हाकेचा होता!

पण ती हाक? अहो, ती हाक चारचौघांत मारायची? तीही एका प्राध्यापिकेने? माझ्या आईने मला जन्मात 'मेला' हा शब्द उच्चारू दिला नव्हता.

घड्याळाकडे पाहिलं. जाळीकडे पाहिलं. महादू खराटा टेकवून नीट बघायला उभा राहिला होता. रस्त्यावरचे दोन लोकही आत आले होते, फुकटचा खेळ म्हणून.

मी डोळे मिटले. छातीत भरता येईल तेवढी हवा भरली. काकूंचा तो चार एकरांचा आवाज मनात आणला आणि सोडला.

"कुठं उलथलं मेलं!"

म्हशींनी रवंथ थांबवला. मुन्शींचे पाय टेबलावरून खाली आले.

"वाहवा," महादू म्हणाला. "आता जमलं. जोरानं!"

आणि काय सांगू, एकदा सुटल्यावर मला थांबताच येईना. तीन महिन्यांचं दचकणं त्या घशातून बाहेर पडत होतं. "भाकर थंडी होऊन राहिली! येनं हाय का नाही? का मीच येऊ कान धरून? नुसतं खायाले पायजे मेल्याले, कामाच्या नावानं बोंब!"

सातही कुत्रे भिंतीला चिकटून बसले. लंगडाही. कुणी हलेना.

"मोत्या, मी मरेन रे," मी मनात म्हटलं, आणि शेवटची, सगळ्यात मोठी, काकू सणावाराला ठेवत असत ती हाक मारली. "ये रे मुडद्या, नाहीतं ताट देतो फेकून!"

आणि मग, अखेर, कुणीतरी ओ दिली.

जाळीतून नाही. माझ्या पाठीमागून, फाटकातून.

वळून पाहिलं. काळी टोपी. हातात सायकल. कॅरिअरवर अंगभर निळं औषध फासलेला मोती बसला होता. काकाजींनी त्याला पहाटेच गोचीड काढायला जरीपटक्याला नेलं होतं आणि घरी पाऊल टाकताच काकूंनी त्यांना तसंच माझ्यामागे पिटाळलं होतं, हे मला पुढे कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की मोती माझ्याकडे ढुंकूनही न बघता जांभई देत होता. आणि माझे घरमालक, सेवानिवृत्त हेडक्लार्क, मान खाली घालून, घाईघाईने सायकल स्टँडला लावत मला सांगत होते,

"आलो ना वं, आलो! हात तं धुऊ दे!"