दादाची शांतता

माझा थोरला भाऊ मटणाचं दुकान चालवायचा. त्याच्याइतका साफ हात अख्ख्या बाजारात कुणाचा नव्हता. बोकड आकड्याला लागला की अर्ध्या तासात खांदे, मांड्या, फासळ्या वेगवेगळ्या होऊन फळीवर येत, आणि तेवढ्या वेळात सत्तूर चार-पाचदाच वाजे. "हाडावर घाव घालायचा नाही, सांधा शोधायचा," असं तो सांगे. माणसांच्या भांडणातही तो तेच करायला जायचा.

एकदा दोन गिऱ्हाइकांची नंबरावरून जुंपली. एकाने ओंडक्यावरचा सत्तूर उचलला. दादा मध्ये शिरला आणि खाली येणारं पातं त्याने उघड्या तळहातावर झेललं. रक्त कोपरापर्यंत ओघळलं, तरी हा शहाणा म्हणतो, "आधी यांना देतो, तुम्हाला थोडं काळीज वरून घालतो, चालेल?" दोघंही खजील होऊन निघून गेले. हाताला सात टाके पडले. त्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी अख्खं प्रवचन त्या सात टाक्यांवर दिलं. बाजारात त्याचं नाव 'मेंढरू' पडलं. मेंढरू मटण कापतंय, ही थट्टा त्यालाही आवडायची.

वहिनीला मात्र नाही. शेजारच्या दुकानदाराने भिंत सरकवली, तर दादाने मुकाट आपला ओंडका सरकवला. वहिनी म्हणाली, "उद्या तो चूल मागेल, तीही उचलून द्या." दादा हसला. म्हणाला, "वाद घालून कुणाचं पोट भरलंय? देवाच्या लेकरांनी शांती धरावी."

हे त्याला कुठून आलं ते मला ठाऊक आहे. आमचे बाबा आईला पट्ट्याने मारत. पट्ट्याचं बक्कल भिंतीला लागलं की चुन्याचा टवका उडे, आईला लागलं की आवाज निराळा येई. दादा तेव्हा दहा वर्षांचा, मी चार. तो मला खाटेखाली ओढून घ्यायचा, माझ्या तोंडावर हात दाबायचा आणि कानात म्हणायचा, "शांत. एकदम शांत." आम्ही आवाज केला नाही, तर बाबा आमच्याकडे वळत नसत. एवढंच तो शिकला. पुढे मोठेपणी चर्चमध्ये शांती हा शब्द कानावर पडला, तेव्हा त्याला वाटलं, ही तर आपल्याला खाटेखालीच कळली.

माझं लग्न त्यानेच जमवलं. नवरा वेल्डर, कामात वाघ, आणि चर्चच्या गायनमंडळात त्याचा आवाज सगळ्यांच्या वर. तिसऱ्या महिन्यात त्याने पहिल्यांदा हात उचलला. कानाखाली असा बसला की दोन दिवस त्या कानात शिट्टी वाजत होती. मी दादाकडे गेले. त्याने ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि संध्याकाळी मला हाताला धरून परत पोचवलं. "पाहुणे, शांतीने राहा," म्हणाला. पाहुणे रडले, गुडघे टेकून प्रार्थनाही केली. नाटकात काय कमी होतं? पडदाच तेवढा नव्हता.

दुसऱ्या वेळी दोन दात गेले. दादाने पुन्हा पोचवलं. तिसऱ्या वेळी नवऱ्याने नुकत्याच जोडलेल्या गरम सळईवर माझा पंजा दाबून धरला होता. कातडीचा वास अजून कधी कधी नाकात येतो. दादाने एकेका फोडाला फुंकर घालत मलम लावलं. मला वाटलं, आज हा काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "तू उलट उत्तरं देऊ नकोस, बये. तू शांत राहिलीस तर तोही शांत होईल." आणि परत पोचवलं.

मी उलट उत्तरं देते, हे खरं. माझी जीभ आईसारखी नाही. पण मला तेव्हा एवढंच हवं होतं की दादाने एकदा, फक्त एकदा, माझ्या बाजूने तोंड उघडावं. कारण नवरा एक दिवस मला मारून टाकणार, हे मला कळून चुकलं होतं. त्याच्या मनात धाक होता तो एका दादाचाच. बाकी सगळ्यांना तर तो गाऊन गुंगवत होता.

त्या दिवशी दुपारची वेळ होती. भाजी खारट झाली म्हणून सुरुवात झाली. त्याने मला जमिनीवर पाडलं आणि लाथा घातल्या. तिसऱ्या लाथेला आत काहीतरी कडकन मोडलं. मी ओरडणार, तेवढ्यात दार वाजलं. त्याने गुडघा माझ्या छातीवर रोवला आणि तळहात तोंडावर दाबला. बाहेर दादा होता. मटणाची पिशवी घेऊन आला होता, दर आठवड्याला यायचा तसा. त्याने दोनदा हाक मारली. मग थोडं थांबून, स्वतःशीच बोलावं तसा म्हणाला, "झोपलेत वाटतं. घरात शांतता आहे, बरं वाटलं."

पिशवी कडीला अडकवून तो निघून गेला. त्याच्या चपलांचा आवाज जिना उतरेपर्यंत मी ऐकत होते.

संध्याकाळी मला श्वास घेता येईना तेव्हा शेजारणींनी दवाखान्यात नेलं. नवऱ्याने सांगितलं, मोरीत घसरली. दादा आला. डॉक्टरांनी एक्सरे उजेडाला धरला. दादा पुढे झाला आणि बोटाने फासळ्या मोजू लागला. सातवी, आठवी, नववी. आयुष्यभर त्याने दुसरं केलं काय होतं?

"पडून अशा मोडत नाहीत," तो म्हणाला. "ही लाथ आहे."

मी म्हटलं, "दादा, तू दाराशी होतास. मी आत होते. त्याचा हात माझ्या तोंडावर होता. तू म्हणालास, शांतता आहे."

त्याचा चेहरा असा झाला की मलाच भीती वाटली. वहिनीने मागाहून सांगितलं, त्या संध्याकाळी तो दुकानात गेला, मोठा सुरा घेतला आणि दगडावर घासत बसला. धार लागली, तरी घासतच राहिला. वहिनी दारात आडवी उभी राहिली. शेवटी त्याने सुरा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "लपवून ठेव. कुठे ते मला सांगू नकोस."

मी हट्टाने रविवारी चर्चला गेले, छातीला पट्टे बांधून, शेवटच्या बाकावर. आमच्याकडे उपासनेच्या मध्यावर सगळे एकमेकांचा हात हातात घेतात आणि म्हणतात, शांती असो. माझा नवरा गायनमंडळातून उतरला, हसत हसत सरळ दादाकडे आला आणि हात पुढे केला. "शांती असो, दादा."

दादाने हात दिला नाही.

"शांती नाही, पाहुणे," तो म्हणाला. एवढ्या मोठ्याने तो कधी बोललेला मी ऐकला नव्हता. "आपल्यात नुसती शांतता होती. ती मी राखली. आज संपली."

पाळकसाहेब घाईने म्हणाले, "अहो, हे घरी बसून..."

"घरीच बसून झालं, साहेब. तीन वेळा." मग तो सगळ्यांकडे वळला. "याने माझ्या बहिणीचे दोन दात पाडले."

नवऱ्याचा पहिला ठोसा तिथे बसला. दादाचं नाक मोडल्याचं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं. पांढरा सदरा क्षणात लाल झाला. बोकड अर्ध्या तासात सुटा करणारे ते हात, त्याने ते मागे एकमेकांत घट्ट धरले.

"याने तिचा हात तापल्या सळईवर धरला."

दुसरा ठोसा ओठावर. दादा बाकावर आदळला, उठला.

"याने तिच्या तीन फासळ्या लाथेने मोडल्या. आणि मी, तिचा भाऊ, तिला हाताला धरून याच्याकडे पोचवत होतो."

तिसरा बसायच्या आत लोकांनी नवऱ्याला धरलं. तो शिव्या देत होता, त्याच गोड आवाजात. आजवर मूग गिळून बसलेल्या त्याच लोकांनी पोलिसांना फोन केला. दादाने जबाब दिला, रक्त पुसायच्या आधी.

मग तो मागच्या नळावर तोंड धुऊन माझ्याजवळ आला. सुजलेल्या ओठातून शब्द नीट फुटत नव्हता.

"माफ कर, बये."

सगळे बघत होते. पाळकसाहेबांचे डोळे पाणावले होते, त्यांना बहुतेक पुढचं प्रवचन दिसत होतं. मी त्याच्या गळ्यात पडावं, असं सगळ्यांच्याच मनात होतं.

"नाही करत," मी म्हटलं. आणि मग माझा बांध फुटला. प्रत्येक शब्दाला फासळी टोचत होती, तरी मी ओरडले. त्या दारापलीकडून मी काय ऐकलं ते सांगितलं. आईचं सांगितलं. तू भित्रा आहेस, म्हटलं. तुझ्यापेक्षा तो बरा, तो निदान देवाचं नाव पुढे करून मला मरायला पाठवत नव्हता, म्हटलं. वहिनी रडायला लागली. कुणीतरी म्हणालं, "अगं, पुरे आता, देवाचं घर आहे." दादाने त्या माणसाकडे नुसतं बघितलं, तो गप्प झाला.

माझा श्वास संपला तेव्हा मी थांबले.

"अजून आहे?" दादाने विचारलं.

"पुष्कळ आहे."

"मग आधी बस. दोन घोट पाणी पी," तो म्हणाला, आणि माझ्यासमोर खाली फरशीवर बसला. "मग सांग."